खोटा पाय येण्याआधीची तालीम: गुडघ्याखाली पाय गेलेल्यांसाठी व्यायामाची वाट

माझा उजवा पाय गुडघ्याखाली सात इंचांवर कापला तेव्हा मी २९ वर्षांचा होतो. पावसाळ्याचे दिवस होते. रात्रपाळी सुटली, मोटारसायकल घसरली आणि मागून आलेल्या ट्रकचं चाक पायावरून गेलं. कोल्हापूरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर काम करायचो. लेथवर आठ तास उभं राहावं लागतं. त्यामुळे शुद्धीवर आल्यावर माझ्या डोक्यात चालण्याचा विचार आलाच नाही. उभं राहता येईल का, एवढंच मी सगळ्यांना विचारत होतो.

घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, टाके काढायची तारीख मिळाली. मधल्या दिवसांत शरीराचं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही. घरी आईनं स्टंपखाली, म्हणजे कापून उरलेल्या पायाखाली, उशी ठेवली. सावरीच्या कापसाची, जुन्या लुगड्याची खोळ असलेली. रोज सकाळी ती उशी उन्हात टाकायची, हातानं मऊ करायची आणि परत माझ्या गुडघ्याखाली सारायची. दोन महिने हे चाललं. बरं वाटायचं, ठणका कमी व्हायचा. मग पायाचं माप द्यायला गेलो. तिथल्या तंत्रज्ञानं गुडघा सरळ करायला सांगितला, आणि तो होईना. उशीवर वाकून राहायची त्याला सवय लागली होती. तंत्रज्ञ म्हणाले, "पाय बनवून देतो हो, पण गुडघा असा वाकडा राहिला तर त्याच्यावर उभं कसं राहणार?"

तसाच परत आलो. गुडघा सरळ व्हायला पुढे अडीच महिने गेले आणि ते महिने ऑपरेशनपेक्षा जास्त दुखले. हे सगळं लिहितोय ते त्या अडीच महिन्यांमुळे. कृत्रिम पाय स्वतःहून चालत नाही. त्याला पुढे नेते ती मांडी, तोलून धरते ती कंबर, आणि या दोघींना तयार करायचं काम पाय येण्याआधीच उरकायचं असतं.

ही माहिती गुडघ्याखाली एक पाय गेलेल्यांसाठी आहे. गुडघ्याच्या वर पाय गेला असेल तर बरेच व्यायाम बदलतात. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका. आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडे निदान दोन-तीन वेळा तरी जाऊन यातला प्रत्येक व्यायाम त्यांच्यासमोर करून दाखवा. कागदावर वाचून केलेली चूक स्वतःला दिसत नाही.

झोपणं आणि बसणं

पहिला व्यायाम म्हणजे नीट झोपणं. गुडघ्याखाली उशी नको. दोन मांड्यांच्या मध्ये उशी नको. पलंगाच्या कडेवरून स्टंप लोंबकळत ठेवायचा नाही. खुर्चीवर बसताना गुडघा सरळ राहील असा समोर स्टूल घ्या किंवा खुर्चीच्या बैठकीखाली फळी सरकवा आणि त्यावर स्टंप ठेवा. चाकाची खुर्ची वापरत असाल तर अशी फळी हवीच, कारण तिच्यात दिवसभर बसून गुडघा आणि जांघ दोन्ही आखडतात.

जांघ आखडते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. सतत बसून माणूस कमरेत वाकलेला राहतो आणि मग कृत्रिम पायावर उभा राहिला की पुढे झुकतो. त्यावर उपाय एकच, पालथं झोपणं. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी २० मिनिटं. पोटाखाली काही घ्यायचं नाही, मान चांगल्या पायाच्या बाजूला वळवायची, दोन्ही मांड्या एकमेकींजवळ. पहिल्या दिवशी २० मिनिटं जमत नाहीत, तर पाचपासून सुरू करा. मी रेडिओवरच्या बातम्या लावून पालथा पडायचो. बातम्या संपल्या की उठायचो.

रात्रीचं एक सांगून ठेवतो. पाय गेलाय हे शरीर लवकर विसरतं, विशेषतः झोपेत. तिसऱ्या आठवड्यात मी लघवीला उठलो आणि नसलेला उजवा पाय खाली टेकवला. थेट स्टंपवर आपटलो. टाके तुटले नाहीत, हे नशीब. त्यानंतर कुबडी पलंगाच्या उजव्या बाजूला अशी उभी केली की खाली पाय सोडताना आधी तीच हाताला लागेल. खोलीत झिरोचा दिवा रात्रभर चालू ठेवला. घरात कुणाचा पाय गेला असेल तर हे दोन्ही आजच करा.

स्टंपला आकार देणं

ऑपरेशननंतर स्टंप सुजलेला आणि टोकाला फुगलेला असतो. सॉकेट, म्हणजे खोट्या पायाचा स्टंप ज्यात बसतो तो वरचा पोकळ भाग, नीट बसायला स्टंप वरून खाली निमुळता हवा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चार इंची क्रेप बँडेज बांधायला शिका. ते मनगटाला बांधतो तसं गोल गोल बांधायचं नाही. आठच्या आकड्यासारखं तिरपं न्यायचं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. वर घट्ट झालं तर रक्त खाली अडकतं आणि टोक आणखी फुगतं. दर चार-सहा तासांनी सोडून, त्वचा बघून परत बांधा. ठणका वाढला किंवा कातडी निळसर दिसली तर लगेच सोडा.

जखम पूर्ण भरल्यावर स्टंपला स्पर्शाची सवय लावायची असते. आधी कापूस फिरवा, काही दिवसांनी मऊ फडकं, मग टॉवेल, मग बोटांनी हलकं टकटक. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सॉकेटमध्ये याच कातडीवर तुमचा भार येणार आहे. आधी फडकं सहन झालं नाही तर सॉकेट कसं होईल?

नसलेल्या पायाची कळ हा वेगळाच प्रकार. माझा अंगठा, जो आता जगातच नाही, रात्री दोन वाजता कुणीतरी पिळतंय असं वाटायचं. घरचे घाबरतात, डोक्यावर परिणाम झाला म्हणतात. तसं काही नाही. मेंदूतला पायाचा नकाशा अजून तसाच असतो, म्हणून हे होतं. काहींना आरशाचा उपाय लागू पडतो. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, आरशात चांगला पाय बघायचा आणि तो हळूहळू हलवायचा. दुसरा पायही हलतोय असं दिसतं आणि कळ ओसरते. मला याचा थोडाफार उपयोग झाला. जास्त उपयोग झाला तो बँडेज नीट बांधण्याचा आणि दिवसा व्यायामानं अंग थकवण्याचा. कळ असह्य असेल तर सोसत बसू नका. यावर औषधं आहेत, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

अंथरुणावरचे पाच व्यायाम

हे पाच व्यायाम मी पाय येईपर्यंत दिवसातून दोनदा केले आणि आजही आठवड्यातून तीनदा करतो. प्रत्येक व्यायाम १० वेळा, प्रत्येक वेळी मनात पाच मोजायचे. श्वास रोखायचा नाही. मोठ्यानं मोजलं की श्वास आपोआप चालू राहतो.

एक. उताणं झोपा. स्टंपच्या बाजूच्या गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा. गुडघ्याची वाटी मांडीकडे ओढली गेलेली दिसली पाहिजे. दिसायला हा काहीच नाही, पण माझा वाकडा गुडघा सरळ केला तो मुख्यतः यानंच.

दोन. तसंच झोपून चांगला पाय गुडघ्यात वाकवा आणि तळवा टेकवा. स्टंपच्या बाजूचा गुडघा ताठ ठेवून मांडी उचला, चांगल्या पायाच्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत. हळू खाली आणा. धपकन सोडला तर अर्धा व्यायाम वाया.

तीन. चांगल्या पायाच्या कुशीवर वळा. वरचा, म्हणजे स्टंपचा पाय सरळ ठेवून आढ्याकडे उचला. इथे सगळे एक चूक करतात, पाय वर जाता जाता पुढे येतो. तो मागेच राहिला पाहिजे. घरच्यांपैकी कुणाला तरी कमरेला हात लावून बसायला सांगा, कंबर मागे लोळू देऊ नका. हा स्नायू कच्चा राहिला की माणूस प्रत्येक पावलाला त्या बाजूला झुकतो. रस्त्यावर लांबून ओळखू येणारी ती लंगडी चाल बऱ्याचदा पायाच्या दोषानं येत नाही, कमरेच्या या एका स्नायूच्या आळसानं येते. पाचांपैकी एकच करायला वेळ असेल तर हा करा.

चार. पालथं झोपून मांडी मागे उचला. वीतभर पुरे. कमरेचं हाड गादीवरून सुटलं तर तुम्ही पाठीनं उचलताय, मांडीनं नाही.

पाच. उताणं झोपून दोन्ही मांड्यांखाली, गुडघ्याच्या थोडं वर, बैठकीतला लोड घ्या. मांड्यांनी लोड खाली दाबा म्हणजे कंबर वर उचलली जाईल. दहा झाले की लोड लगेच काढून टाका. तो तिथेच राहिला तर त्याची आईची उशी होते.

दोन आठवड्यांत १०च्या तीन फेऱ्या जमायला लागतात. मग फडक्यात अर्धा किलो वाळू बांधून मांडीवर, गुडघ्याच्या वर ठेवा. स्टंपला वजन बांधू नका.

तालमीत

आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम आहे. लहानपणी मी तिथे चार वर्षं लाल मातीत घातली होती, पुढे नोकरी लागली आणि सुटलं. पाय गेल्यावर तिकडे जायची लाज वाटायची. एका संध्याकाळी वस्तादच घरी आले. कुबड्यांकडे बघून म्हणाले, "पाय एक गेलाय न्हवं? हात दोन हायतच की. उद्या सहाला ये."

गेलो. पहिले आठ दिवस त्यांनी मला काही करू दिलं नाही, फक्त बसून बघायला लावलं. मग भिंतीला हात लावून जोर काढायला सांगितले. एका पायावर उभा, कुबड्या बाजूला, हात छातीच्या उंचीवर भिंतीला. १० जोर. पंधरवड्यानं भिंतीऐवजी हौदाच्या कठड्यावर, म्हणजे कमरेच्या उंचीवर. मग जमिनीवर, गुडघे टेकून, स्टंपच्या गुडघ्याखाली जाड घडी घालून. आणि सगळ्यात शेवटी एका पायाच्या चवड्यावर पूर्ण जोर. पूर्ण जोरापर्यंत मला चार महिने लागले. तुमच्याकडे तालीम नसेल तर भिंत, स्वयंपाकाचा ओटा आणि चटई या तीन पायऱ्या घरातच आहेत.

बसून मुद्गल फिरवणं त्यांनीच शिकवलं. पाठ न टेकता स्टुलावर बसायचं, लहान मुद्गल खांद्यावरून मागे सोडायचा आणि पुढे आणायचा. मुद्गल मागे जाताना शरीर त्याच्याबरोबर जायला बघतं आणि ते रोखताना पोट आणि पाठ कामाला लागतात. हाच तोल पुढे खोट्या पायावर उपयोगी पडतो. घरी पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली दोन्ही हातांत धरून सुरुवात करा.

खुर्चीतले जोर कुबड्यांसाठी आहेत. हात असलेल्या खुर्चीत बसून हातांवर भार देऊन बूड उचलायचं. कुबड्यांवर भार हातांवर घ्यायचा असतो, काखेत नाही. काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. काखेत टेकून चालणाऱ्यांच्या हाताला मुंग्या येतात, नस दबते.

बैठका मात्र सावकाश. १८ इंच उंचीच्या खुर्चीवरून एका पायावर उठायचं, एक हात ओट्यावर. पाचच्या पुढे सुरुवातीला नको. चांगल्या पायाच्या गुडघ्यावर आता आयुष्यभर जास्त भार येणार आहे. तो लवकर झिजू शकतो. घरात एका पायावर उड्या मारत फिरायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. स्वयंपाकघरापर्यंत चार उड्या सोप्या वाटतात, पण तो गुडघा जपायचा आहे.

पाय मिळवताना

जयपूर फूट हे नाव सगळ्यांना माहीत असतं, त्यामागची गोष्ट कमी लोकांना. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर पंडित रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं असं पाऊल बनवलं की ते घालून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं, चिखलात जाता येतं. परदेशी पाय बुटात घालायच्या हिशेबानं बनायचे. शेतात भांगलण करणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? १९७५मध्ये डी. आर. मेहता यांनी सुरू केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय मोफत देते, ठिकठिकाणी शिबिरं घेते. पुण्यातलं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४पासूनचं आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. त्याखाली दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक योजनेला ते कार्ड मागतात.

पाय कोणता घ्यायचा हा प्रश्न लोक फार चघळतात. माझं मत सरळ आहे. पावलापेक्षा सॉकेट महत्त्वाचं. लाखाचं पाऊल असेल आणि सॉकेट टोचत असेल तर तो पाय खुंटीला टांगलेला राहतो. पहिल्या सहा महिन्यांत, कधी वर्षभर, स्टंप आकसत जातो, सॉकेट सैल होतं आणि बदलावं लागतं. पहिल्या पायावर सगळे पैसे घालवू नका.

पाय घातल्यावरचे पहिले सहा आठवडे

पहिल्या दिवशी १५ ते २० मिनिटं, तेही आधार धरून. मग पाय काढा आणि कातडी बघा. मागची बाजू हातआरशात बघा. लालसर खुणा असतील आणि दहा-पंधरा मिनिटांत निवळत असतील तर ठीक. निवळत नसतील, फोड आला असेल किंवा नडगीच्या हाडावर, स्टंपच्या टोकावर दुखत असेल तर पाय घेऊन केंद्रात जा. सॉकेट घासून, गरम करून दुरुस्त करता येतं. 'सवय होईल' म्हणून सोसलं तर जखम होते, आणि एका जखमेपायी तीन आठवडे पाय बंद राहतो. सगळं ठीक असेल तर रोज थोडा थोडा वेळ वाढवा.

सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायच्या मोज्यांचं गणित लवकर शिका. स्टंप दिवसभरात आकसतो. सकाळी एका मोज्यावर घट्ट बसलेला पाय दुपारी सैल होतो, पाऊल उचललं की वरखाली होतो, स्टंप खाली रुतून टोकाला दुखायला लागतं. अशा वेळी एक मोजा वाढवायचा. मी कामावर पिशवीत दोन जादा सुती मोजे आणि एक कोरडं फडकं ठेवतो आणि जेवणाच्या सुट्टीत पाय काढून, पुसून, मोजा वाढवून परत घालतो. पावसाळ्यात तर हे दोनदा. स्टंप रात्री साध्या साबणानं धुवा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. सकाळी धुऊन लगेच पाय घातला तर ओल आत कोंडते. पाय घालण्याआधी तेल लावू नका. घरच्या मोठ्या बायका प्रेमानं तेल चोळायला येतात, त्यांना रात्रीची वेळ द्या.

आता भार देणं. मन खोट्या पायावर विश्वास ठेवायला तयार नसतं आणि हे मनाला समजावून होत नाही. आकडा दाखवावा लागतो. मला फिजिओनं दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवून उभं केलं, एका काट्यावर एक पाय. माझं वजन ६८ किलो. डावा काटा ५४ दाखवत होता, उजवा १४. मला तर वाटत होतं मी सरळ उभा आहे! रोज दहा मिनिटं, ओटा धरून, उजव्या काट्याचा आकडा वाढवायचा प्रयत्न. पाच आठवड्यांनी ३२ आला. त्या दिवशी मी आईला बोलावून काटा दाखवला. ती चष्मा लावून वाकली, आकडा वाचला, पदर डोळ्याला लावला आणि काही न बोलता आत गेली.

यापुढचा व्यायाम पाटाचा. जेवणाचा लाकडी पाट समोर ठेवा. ओट्याला एक हात. खोटा पाय जमिनीवर घट्ट, आणि चांगला पाय उचलून हळू पाटावर ठेवायचा, हळू खाली आणायचा. चांगला पाय हवेत असेपर्यंत सगळा भार खोट्या पायावर असतो. लोक इथे घाई करतात, चांगला पाय झटकन टेकवतात. तीच घाई चालताना दिसते: खोट्या पायाचं पाऊल लांब, चांगल्या पायाचं तोकडं. पाटावर पाय ठेवताना तीन मोजा, उतरवताना तीन मोजा. १० वेळा.

काठी लागत असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. माझा उजवा पाय गेला, काठी डाव्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना खोटा पाय आधी.

हे सगळं दमवतं. गुडघ्याखाली पाय गेलेल्या, एरवी तब्येतीनं ठणठणीत माणसालाही त्याच वेगानं चालायला पूर्वीपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त शक्ती लागते. बाजारात जाऊन आल्यावर धाप लागली तर तुम्ही आळशी झालेला नाही, शरीर खरोखर जास्त काम करतंय. म्हणून दम वाढवणं वेगळं करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०मध्ये दिव्यांगांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवलाय. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही एवढी धाप. सुरुवातीला मी खुर्चीत बसून हवेत ठोसे मारायचो, एक मिनिट ठोसे, एक मिनिट विश्रांती, असं दहा वेळा. नंतर सायकल आली. खोटं पाऊल पेडलवरून घसरू नये म्हणून पट्टा लागतो. जखम पूर्ण बरी झाल्यावर पोहणं सगळ्यात चांगलं, सांध्यांवर भारच येत नाही.

पोहण्यावरून आठवतं. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक घेऊन आले. मानसी जोशीचा डावा पाय २०११मध्ये मुंबईत स्कूटरवर असताना अपघातात गेला, २०१९मध्ये बासलला ती पॅरा बॅडमिंटनची जगज्जेती झाली. या दोघांची नावं मी पदकांसाठी घेत नाही. आधी उपचाराचा व्यायाम, मग त्यातूनच खेळ, हा क्रम दोघांकडे बघून कळतो.

आठवडा मी असा लावलाय: तीन दिवस अंथरुणावरचे पाच आणि जोर-बैठका, तीन दिवस सायकल अर्धा तास, रविवारी फक्त पालथं झोपणं आणि स्टंपची नीट तपासणी. खाण्यात मोठं काही नाही. दोन अंडी, मोड आलेली मटकी, दूध, भाकरी, मूठभर शेंगदाणे. वजनावर मात्र लक्ष ठेवा. दोन-तीन किलोंचा फरक पडला तरी सॉकेट आवळतं किंवा सैल होतं. मधुमेह असेल तर रोज रात्री चांगल्या पायाचा तळवा आणि बोटांच्या फटी बघा. तिथली छोटी जखमही त्याच दिवशी दाखवा.

पडणं आणि उठणं

हे फार कुणी शिकवत नाही, आणि प्रत्येकजण कधी ना कधी पडतोच. वस्तादांनी मला लाल मातीत मुद्दाम पाडलं. आधी सांगून, मग न सांगता. पडतोय असं कळलं की काठी किंवा कुबड्या बाजूला फेकायच्या, त्यांच्यावर पडलात तर बरगडी जाते. हात ताठ पुढे करायचा नाही, मनगट मोडतं. कोपर वाकवून, चांगल्या पायाच्या बाजूला वळून, मांडी आणि खांद्यावर अंग सोडायचं. स्टंपवर किंवा खोट्या पायाच्या गुडघ्यावर नाही.

पडल्यावर लगेच उठायची धडपड नको. लोक धावत येतात आणि काखेत हात घालून ओढायला लागतात, त्यांना थांबवा. "एक मिनिट, मी उठतो" एवढं म्हणा. आधी बसा, कुठे दुखतंय ते बघा, सॉकेट फिरलंय का ते बघा. मग हात आणि गुडघे टेकून या. खुर्ची, पायरी, बांध, जे काही घट्ट असेल तिथपर्यंत सरका. खोट्या पायाचा गुडघा जमिनीवर राहू द्या, चांगल्या पायाचा तळवा पुढे पूर्ण टेकवा. एक हात आधारावर, दुसरा चांगल्या मांडीवर. नाक चांगल्या पायाच्या बोटांच्या पुढे आलं की मांडीनं दाब द्या आणि उठा. खोटा पाय मागून आपोआप येतो.

पहिल्यांदा मला यात सहा-सात मिनिटं लागली. पोरं मदतीला पुढे आली तेव्हा वस्ताद ओरडले, "हात लावायचा न्हाई कुणी!" आणि स्वतः माझ्या मागे वाकून उभे राहिले, दोन्ही हात माझ्या कमरेपासून चार बोटांवर, न लावता. मी उठेपर्यंत तसेच.

ही उठबस आठवड्यातून एकदा, पाच वेळा करा. सुरुवातीला घरात कुणी असताना, चटईवर, शेजारी जड लाकडी खुर्ची ठेवून. प्लॅस्टिकची नको, ती सरकते.